वहीत ‘किरकोळ’ लिहून मांजरीचा खर्च लपवतेय. काय करू?

पाटीपेन्सिल

नमस्कार. बरेच महिने इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

भुरी आमची मांजर. वय 14. लग्नाच्या आधीपासून माझ्याकडे आहे. एका पावसात भिजलेली सापडली होती, तळहातावर मावेल एवढी. गेल्या वर्षी तिचं वजन 4.6 किलो होतं, आता 3.7 आहे. आधी मला वाटलं, वय झालं. मग लक्षात आलं की तिच्या ट्रेमधल्या वाळूचे लघवीने होणारे गोळे मोठे व्हायला लागलेत. पूर्वी लिंबाएवढे असायचे, ते मुठीएवढे झाले. पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरावं लागायचं. एकदा सकाळी मापून पाणी ठेवलं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं मापलं, तर चोवीस तासांत 380 मि.ली. गेलं होतं. डॉक्टरांकडे नेलं. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करत नसली की रक्तात वाढणारा घटक) 2.6 आलं. मूत्रपिंडांचा जुनाट आजार, दुसरी पायरी. याला आठ महिने झाले. मागच्या आठवड्यात परत तपासलं तर 3.1, म्हणजे तिसरी पायरी. डॉक्टर म्हणतात, आता एक दिवसाआड त्वचेखाली सलाईन द्यायला लागू.

आता पैशांचं. आमच्याकडे एक वही आहे. नवरा रोज रात्री झोपण्याआधी तीत दिवसाचा खर्च लिहितो, माझा मी लिहायचा. बारा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. बाहेरच्यांना हा चिकटपणा वाटतो. तसं नाहीये. त्याचे वडील अचानक गेले तेव्हा तो 19 वर्षांचा होता, आणि पुढच्या महिन्याभरात एकेक माणूस दारात येऊन उसने दिलेले पैसे मागायला लागला. घरात कुणालाच त्याची कल्पना नव्हती. सासूबाई तर समजून होत्या की चार पैसे शिल्लक आहेत. सगळं फेडायला त्याला सहा वर्षं लागली. त्यामुळे ती वही मिटली की त्याला झोप लागते. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि तरी मी हे केलं.

पहिल्या तपासणीचं बिल आलं त्या आठवड्यात गाडीची दुरुस्ती आणि मुलीची फी एकदमच आली होती. मी डॉक्टरांचा आकडा तीन दिवसांवर तोडून तीन वेळा ‘किरकोळ’ म्हणून लिहिला. म्हटलं, पुढच्या महिन्यात शांतपणे सांगू. पुढच्या महिन्यात मूत्रपिंडांसाठीचं वेगळं खाणं सुरू झालं, नंतर रक्तदाबाची गोळी आली. तेही किरकोळ. तिला आजार आहे हे त्याला माहीत आहे, औषध चालू आहे हेही माहीत आहे, पण आकडा माहीत नाही. काल बसून मोजलं. घरखर्चाच्या शंभरातले सात भुरीवर जातात आणि वहीत तिचं नाव कुठेच नाही.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. माझी मुलगी 9 वर्षांची आहे. बाबाचं बघून तीही खाऊच्या पैशांची एक छोटी वही ठेवते. परवा तिच्या वहीत दोन ओळी दिसल्या, दोन्हीकडे ‘किरकोळ’. मी विचारलं, हे काय गं? म्हणाली, “जे सांगायचं नसतं ना, ते. तू पण लिहितेस.”

मला उत्तर देता आलं नाही. दोन रात्री झोप नाही.

तर मला विचारायचंय की हे त्याला कसं सांगू? आणि ज्यांनी अशी मांजरं सांभाळलीत त्यांनी सांगा, सलाईन घरी देता येतं का? खर्च कुठे कमी करता येतो, आणि कुठे करूच नये? तिसरा प्रश्न लिहायला हात जड होतोय. कुठे थांबायचं हे तुम्ही कसं ठरवलंत?

रात्रपाळी

ताई, मी तुमच्याच जागी होतो म्हणून लगेच लिहितो.

आमचा कुत्रा 11 वर्षांचा असताना त्याचे मागचे पाय गेले. सांध्यांचं दुखणं. इंजेक्शनं, व्यायाम, जिन्यासाठी उतरण, सगळं केलं. पैसे मी माझ्या जुन्या खात्यातून द्यायचो, जे बायकोला बंद झालंय असं वाटत होतं. वाईट हेतू नव्हता. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी मनाला सांगायचो. एक दिवस माझा फोन तिच्या हातात असताना त्या खात्याचा मेसेज आला. आता विचार करा, नवऱ्याचं लपवलेलं खातं, दर महिन्याला ठरावीक रक्कम एकाच ठिकाणी जाते. तिच्या मनात त्या दहा मिनिटांत काय काय येऊन गेलं असेल ते तिने मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही. खर्च कुत्र्याचा निघाला म्हणून ती हसली नाही, रडली. म्हणाली, मी नाही म्हणाले असते असं तुला का वाटलं?

कुत्रा जाऊन आता दोन वर्षं झाली. तो प्रश्न मात्र आमच्या घरात राहिला आहे.

तुम्हाला एकच सांगतो. त्याला कळायच्या आत तुम्ही सांगा, आणि सुरुवात मांजरीपासून करू नका. तिचा आजार आधी सांगितला की तो बिचारा तिच्या काळजीत पडेल आणि स्वतःला काय वाटलं ते बोलायचंच राहील. आधी वहीचं सांगा. भुरीचं त्यानंतर, जमलं तर दुसऱ्या दिवशी.

उंबरठ्यावरची

पाटीपेन्सिल, माझ्या घरात अशी तीन मांजरं झाली. मी डॉक्टर नाही, पण या आजाराबरोबर एकूण सात वर्षं राहिले आहे. पैशांचं बाकीचे सांगतील, मी भुरीचं सांगते.

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, की तुम्ही उशीर केलात. मांजरांचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले. थोड्या पाण्यात भागवायचं आणि लघवी घट्ट करायची, हीच त्यांच्या मूत्रपिंडांची ताकद. ती कमी होत जाते तशी लघवी पातळ आणि भरपूर होते आणि ती भरून काढायला मांजर पाणी पीत राहतं. निरोगी मांजराला दिवसाला किलोमागे साधारण 50-60 मि.ली. पाणी लागतं, तेही खाण्यातलं धरून. तुमचे 380 त्याच्या दीडपटीच्या वर जातात. आणि क्रिएटिनिन हा आकडा फार उशिरा बोलतो, मूत्रपिंडांचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम थांबल्यावर. वाळूच्या गोळ्यांवरून तुम्ही पकडलंत. बहुतेक घरांत तेवढंही कुणी बघत नाही. पाणी मात्र कधीही कमी करू नका. कुणी ना कुणी सांगतं की इतकं पितेय तर भांडं उचलून ठेवा. ती जास्त पिते म्हणून लघवी जास्त होत नाही, जास्त जाते म्हणून ती पिते.

पायऱ्यांबद्दल. हे आकडे इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीच्या वर्गवारीतले, ती संस्था 1998 पासून हेच काम करते. मांजरात क्रिएटिनिन 1.6 ते 2.8 दुसरी पायरी, 2.9 ते 5.0 तिसरी, त्यापुढे चौथी. म्हणजे 3.1 ही तिसरीची सुरुवात आहे. एक मात्र डॉक्टरांना विचारा. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. भुरीचं वजन पाचवा हिस्सा उतरलंय, म्हणजे स्नायूही गेलेले असणार, आणि अशा मांजरात हा आकडा खऱ्यापेक्षा बरा दिसतो. एसडीएमए नावाची दुसरी तपासणी आहे, तिच्यावर स्नायूंचा तितका परिणाम होत नाही. एकदा करून घ्या.

सलाईन घरी देता येतं का? येतं. आणि तुमचा सगळ्यात मोठा खर्च इथेच वाचेल, कारण दर वेळी दवाखान्यात जाण्याचे पैसे आणि भुरीला पिंजऱ्यात कोंबण्याचा तिचा त्रास, दोन्ही जातात. डॉक्टरांसमोर दोनदा स्वतः देऊन शिका. पहिल्या वेळी माझे हात इतके थरथरत होते की सुई एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, सगळं पाणी माझ्या मांडीवर. तिसऱ्या आठवड्यात जमलं. पिशवी आधी कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवून अंगाइतकी उबदार करा, गार पाणी कातडीखाली गेलं की त्या उठून पळतात. खांद्यांच्या मधली कातडी तंबूसारखी उचलायची आणि सुई त्या तंबूच्या पोकळीत घालायची. प्रत्येक वेळी नवी सुई. इथे पैसे वाचवू नका, वापरलेली सुई बोथट होते आणि दुखते. किती मि.ली. हे डॉक्टरच ठरवतील. हृदयाचा त्रास असेल तर हेच सलाईन अंगावर येतं, म्हणून तिचं हृदय तपासलंय ना हे विचारा. घरी तुम्ही एक करा. ती गाढ झोपलेली असताना छाती मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. 30 च्या आत हवं. आज मोजून लिहून ठेवा, म्हणजे उद्या वाढलं तर कळेल.

खाणं बदलताना घाई करू नका. फॉस्फरस कमी असलेलं ते खाणं या आजारात खरंच आयुष्य वाढवतं, माझ्या अनुभवात औषधांपेक्षाही जास्त फरक त्याचाच. पण मळमळत असताना नवं खाणं पुढे केलं तर मांजर त्या वासाचा मळमळीशी संबंध जोडतं आणि पुन्हा कधीच तोंड लावत नाही. माझ्या दुसऱ्या मांजरीचं मी असंच बिघडवलं. जुन्यात थोडं थोडं मिसळत तीन-चार आठवडे घ्या. आणि नाहीच खाल्लं तर ती जे खाते ते द्या. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साचते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार होतो. मूत्रपिंडांचं योग्य खाणं न खाता पडून राहण्यापेक्षा अयोग्य खाणं खाल्लेलं परवडतं.

कुठे कमी करू नये? रक्तदाब मोजणं. या आजारात तो चढतो आणि डोळ्यांचा पडदा सुटतो. माझी पहिली मांजर एका सकाळी भिंतीला धडकली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या मोठ्या, तिला काहीच दिसत नव्हतं. तोवर मी तिचा रक्तदाब एकदाही मोजून घेतला नव्हता, खर्च नको म्हणून. ती सकाळ मी विसरलेले नाही.

कुठे कमी करता येईल? ‘मूत्रपिंडं साफ करणारी’ चूर्णं आणि थेंब जे लोक सुचवतात ते सगळं बंद. बाळांचा वजनकाटा एकदा घ्या आणि दर रविवारी वजन लिहा, म्हणजे शंका आली की दवाखान्यात धावणं कमी होतं. पाण्याची भांडी घरात चार ठिकाणी ठेवा, खाण्यापासून लांब, पसरट, काठोकाठ भरलेली. याला काहीच लागत नाही. आणि घरातलं माणसांचं कुठलंही दुखण्याचं औषध तिला देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते.

तिसऱ्या प्रश्नावर मी रात्री लिहीन. तो घाईत लिहायचा नाही.

हिशेबनीस

मी 26 वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासतो. ताईंनी जे लिहिलंय त्यातली एकच ओळ मी परत परत वाचली, “वहीत तिचं नाव कुठेच नाही.”

किरकोळ हे खातं असतंच. पण त्याचा एक नियम मी माझ्या हाताखालच्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतो. किरकोळमधली एखादी गोष्ट तीन महिने सलग आली की ती किरकोळ राहिलेली नाही, तिला स्वतःचं खातं द्या. कारण हिशेब वाचून माणूस पुढचे निर्णय घेतो. किरकोळ फुगलेलं दिसलं की वाचणाऱ्याला वाटतं, घरात उधळपट्टी होतेय, कुठेतरी आवळायला हवं. आणि तो आवळतो, पण चुकीच्या ठिकाणी. एकूण बेरीज बरोबर असूनही वही खोटी असू शकते, ती अशी. तुमच्या नवऱ्याने या आठ महिन्यांत काय आवळलं ते त्यांना विचारा. काहीतरी नक्की आवळलं असणार.

रिचर्ड थेलर नावाचे अर्थतज्ज्ञ आहेत, 2017 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले. माणूस डोक्यात पैशांच्या वेगवेगळ्या पुड्या बांधतो आणि एका पुडीतले पैसे दुसऱ्या पुडीत टाकायला त्याचं मन धजत नाही, हे त्यांनी मांडलं. एकाच कमाईचे पैसे, तरी फीच्या पुडीतून औषध घेताना हात अडतो. तुम्ही पहिल्या महिन्यात अडखळलात ते यामुळेच असावं. भुरीची पुडीच नव्हती, त्यामुळे तिच्यावरचा प्रत्येक पैसा दुसऱ्या कुणाच्या तरी पुडीतून काढल्यासारखा वाटत होता. पुडी बांधा. नेहमीचं खाणं-औषध महिन्याच्या खर्चात धरा, आणि अचानक येणाऱ्या दुखण्यासाठी दर महिन्याला थोडं वेगळं टाका, वापरलं नाही तरी. वर्षातून चार वेळा येणारा खर्च अचानक आलेला नसतो, आपण त्याची तारीख लिहिलेली नसते एवढंच.

सांगताना मागचे आठ महिने दुरुस्त करून न्या. खोडून नाही. हिशेबात चूक खोडत नाहीत, तिच्या शेजारी दुरुस्तीची नोंद करतात, म्हणजे चूकही दिसते आणि सुधारणाही.

सरळ बोलतो

वाईट वाटेल, पण मांजर 14 वर्षांची, आजार बरा न होणारा, आणि घरात लहान मुलगी आहे. शंभरातले सात रुपये कमी नाहीत. एक दिवसाआड सुई टोचून आपण तिला जगवतो की स्वतःच्या मनाची समजूत घालतो? आमच्या घरी आम्ही म्हाताऱ्या मांजराला काहीही न टोचता शांतपणे जाऊ दिलं. त्याबद्दल मला आजही अपराधी वाटत नाही.

उंबरठ्यावरची

सरळ बोलतो, तुमचा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. मलाही तो पडला होता. फक्त त्याआधी एक माहिती हवी. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिसऱ्या पायरीवर निदान झालेली मांजरं पुढे किती जगली ते पाहिलं होतं. मधला आकडा 778 दिवस. म्हणजे निम्मी त्याहून कमी जगली, पण निम्मी दोन वर्षांहून जास्त. चौथ्या पायरीला हाच आकडा 103 दिवसांवर येतो. तिसऱ्या पायरीला “आता काय उरलंय” म्हणणं म्हणूनच मला पटत नाही. चौथीला मी तुमच्या बाजूने उभी राहीन.

पाटीपेन्सिल, आता तुमचा तिसरा प्रश्न.

मी तीनही वेळा वेगवेगळं वागले. पहिलीला मी खूप उशिरा सोडलं. शेवटचे नऊ दिवस ती नळीतून खात होती आणि मी रोज म्हणत होते, उद्या बघू. तिसऱ्या वेळी मी आधीच, तिची तब्येत चांगली असताना, एका कागदावर लिहून ठेवलं. अॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकेतल्या पशुवैद्य आहेत, त्यांची एक मोजपट्टी आहे. सात गोष्टी: वेदना, भूक, अंगातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण. 35 च्या वर असेल तर आयुष्य अजून तिच्यासाठी बरं आहे. मी दर रविवारी वजनाबरोबर हे लिहायचे. गुण देताना मी आणि माझी बहीण एकमेकींचे आकडे न बघता लिहायचो, कारण एकटीने दिले की मी नेहमी दोन वाढवून द्यायचे.

वेदना ओळखणं कठीण, मांजर लपवते. त्यासाठी मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या लोकांनी 2019 मध्ये चेहऱ्यावरून वेदना मोजायची पद्धत मांडली: कान, डोळ्यांची मिटणूक, तोंडाभोवतीचा ताण, मिशा आणि डोकं कसं धरलंय. एकदा ती शिकलात की पलंगाखाली बसलेल्या भुरीकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल.

आणि त्या सात गोष्टींच्या खाली मी आमच्यापुरती आठवी ओळ लिहिली होती, की ती सकाळी खिडकीपर्यंत स्वतः जाते का. तुमच्या भुरीची आठवी ओळ तुम्हालाच माहीत असेल. ती नवऱ्याबरोबर बसून लिहा. पैशांची हद्दही त्याच कागदावर, त्याच दिवशी. दवाखान्याच्या बाकावर बसून पैशांची हद्द कुणालाच ठरवता येत नाही.

पाटीपेन्सिल

पाच दिवसांनी लिहितेय. सगळ्यांचे आभार मानायचे होते, पण आधी काहीतरी करून मग लिहावं असं वाटलं.

रात्रपाळी दादा, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. मुलगी झोपल्यावर वही उघडायच्या वेळी म्हटलं, आज मी आधी लिहिते. आणि हिशेबनीस काकांनी सांगितल्याप्रमाणे आठ महिन्यांतली एकेक ‘किरकोळ’ ओळ, तिच्यापुढे लाल शाईने खरं काय ते. 61 ओळी होत्या. तो शेजारी बसून बघत होता. विसाव्या ओळीपर्यंत काही बोलला नाही. मग उठून गॅलरीत गेला. मी लिहीत राहिले, कारण थांबले असते तर परत सुरू करायचा धीर झाला नसता.

परत आला आणि म्हणाला, “मला वाटलं, आपलं भागत नाहीये.”

मी विचारलं, तू काय आवळलंस? आधी काहीच नाही म्हणाला. मग सांगितलं. खालची उजवी दाढ. चार महिन्यांपूर्वी दंतवैद्यांनी रूट कॅनल सांगितलं होतं, ते त्याने पुढे ढकललं, कारण दर महिन्याला किरकोळ वाढताना दिसत होतं. चार महिने हा माणूस एका बाजूने चावतोय. मी रोज समोर बसून जेवते आणि मला दिसलं नाही. भुरीच्या वाळूचे गोळे मोठे झालेले मला दिसले, आणि हे नाही.

मी खूप रडले. तो चिडला नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्याशी कामापुरतंच बोलला, तिसऱ्या दिवशीही. म्हणाला, “भुरीला पैसे लागले याचं मला काही नाही. पण मी रोज रात्री ती वही वाचून झोपायचो.” याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी दिलंही नाही. तिसऱ्या रात्री त्याने स्वतःच वहीत नवं पान आखलं आणि वर लिहिलं, भुरी.

मुलीशीही बोलले. तिला सांगितलं की आईने चुकीचं लिहिलं होतं आणि बाबाला सांगितलंय. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने तिच्या दोन ओळी दुरुस्त केल्या. त्या कशाच्या होत्या ते तिचं तिच्याकडे राहू दे, फार मोठं काही नव्हतं.

रविवारी आम्ही कागद लिहिला. सात ओळी आणि आठवी. आठवीवर आमचं लगेच एकमत झालं. रात्री वही उघडली की भुरी येऊन तिच्या पानावर बसते, गेली बारा वर्षं. ते ती करतेय तोवर. गुण वेगवेगळे दिले, त्याचे 52, माझे 55. पैशांची हद्दही लिहिली. त्याने लिहिलेला आकडा माझ्या आकड्यापेक्षा मोठा होता. मी माझाच ठेवायला लावला, कारण दाढ त्याच्या आधी येते. दंतवैद्यांची वेळ शुक्रवारची मिळाली आहे.

सरळ बोलतो, तुमचं वाचून आधी राग आला होता. पण चौथी पायरी आली तर एक दिवसाआड सुई टोचायची नाही, असंही त्या कागदावर लिहिलंय. ते तुमच्यामुळे.

एसडीएमए करून घेतलं, 29 आलं, म्हणजे तिसरीच पायरी. हृदय तपासलं, ठीक आहे. झोपेत श्वास 22. आज घरी पहिल्यांदा सलाईन दिलं. नवऱ्याने पिशवी धरली, मी सुई लावली. सांडलं नाही. पण उंबरठ्यावरची, एक विचारायचंय. दिल्यावर खांद्यावर फुगा आला होता तो तासाभराने खाली सरकला आणि पुढच्या उजव्या पायावर लोंबायला लागला. पाय सुजल्यासारखा दिसतोय. ती नीट चालतेय, खातेय. हे बरोबर आहे का?

उंबरठ्यावरची

बरोबर आहे, घाबरू नका. पाणी कातडीखालून ओघळत खाली येतं, कधी पायात, कधी पोटाशी. सकाळपर्यंत जिरेल. सकाळीही तसंच राहिलं किंवा झोपेतला श्वास 30 च्या वर गेला तर पुढची मात्रा देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. नाहीतर उद्या सुट्टी, परवा परत. आणि पिशवी धरायचं काम त्यांच्याकडेच राहू द्या. शुक्रवारी दाढ दुखत असेल तर त्या दिवसापुरतं मुलीला धरायला सांगा.

पाटीपेन्सिल

सकाळी पाय पातळ झाला. श्वास 21. वहीत लिहिलंय.